संडासाची चावी मुकादमाकडे: काजू युनिटमधल्या या चुका टाळा

वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडीकडे काजू प्रक्रियेचं नवं युनिट उभं राहिलं की मालक कौतुकाने आधी बॉयलर दाखवतो, मग कटिंग मशीन, मग ड्रायर. संडास कुठे आहे विचारलं की "तो काय, मागे" म्हणून नुसता हात करतो. मशीन बंद पडलं की त्याच दिवशी मेकॅनिक हजर होतो. संडासाची कडी गंजली तर ती पुढच्या गणपतीपर्यंत तशीच राहते. नव्या उत्साही मालकांचं तर आणखी वेगळं. बँकेच्या कर्जात बसतं म्हणून सगळं एकदम बांधून घेतात आणि बांधलं की सोय झाली असं धरून चालतात. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

पाणी उरतंय याचा आनंद मानणं

दर २५ बायकांमागे एक संडास हा कारखाना कायद्याच्या काळापासून चालत आलेला हिशोब सगळ्यांना तोंडपाठ आहे. ६० बायका म्हणजे तीन. कागदावर तीन असतातही.

कुडाळच्या बाजूच्या एका युनिटमध्ये असे तीन होते, टाइल्स लावलेले, नवेकोरे. एकावर 'ऑफिस' लिहिलेलं. दुसऱ्यात रिकामी बारदानं आणि जुनं कटर. तिसऱ्याला कुलूप आणि चावी मुकादमाच्या शर्टाच्या खिशात, कारण बायका "उगाच वेळ काढतात". मे महिन्यात सोलणीच्या (गरावरची साल काढायच्या) खोलीत एक बाई चक्कर येऊन पडली. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने लगेच थंड पाण्याचा कूलर आणला. आठ दिवसांनी दुसरी पडली. मग पत्र्यावर पांढरा रंग मारला, दोन पंखे वाढवले. तिसरीला मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे ताप आला आणि ती कामावर यायचीच बंद झाली. एवढं होईपर्यंत कूलरमधलं पाणी रोज संध्याकाळी जवळपास तसंच उरत होतं आणि ते कुणाच्याच नजरेत आलं नाही. शेवटी सोलणीतल्या एका वयस्क बाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पाणी प्यालंय तर जावक लागतला. आणि चावी त्या पोराकडे मागूक लाज वाटता."

कुलूप काढलं, बारदानं हलवली, 'ऑफिस'ची पाटी उतरवली. खर्च शून्य. आठवड्याभरात कूलर दुपारीच पुन्हा भरावा लागायला लागला.

म्हणून माझी सवय अशी: शेडमध्ये शिरलं की आधी पिण्याच्या पाण्याचं पिंप बघायचं, तेही संध्याकाळी. उन्हाळ्यात पत्र्याखाली आठ तास बसणाऱ्या बाईला दोन-तीन लिटर पाणी लागतंच. ६० बायका म्हणजे दीडशे लिटरच्या आसपास. शंभर लिटरचं पिंप सकाळी एकदाच भरलं आणि संध्याकाळी त्यात अर्धं पाणी शिल्लक असेल, तर बिघाड पाण्यात नाही, संडासात शोधा. तसंच जेवणाच्या सुट्टीनंतर संडासाची लादी कोरडी दिसली तर "वा, काय स्वच्छता" म्हणू नका. तिथे कुणी गेलेलंच नाही.

जात का नाहीत, याची कारणं ठरलेली आहेत. कडी आतून लागत नाही. देवगड-मालवणच्या खाऱ्या हवेत साधी लोखंडी कडी एका पावसाळ्यात अडकते, दुसऱ्यात तुटते. पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची लावा, स्क्रूही स्टेनलेस घ्या, नाहीतर कडी टिकते आणि स्क्रू गळतात. दिवा नसतो, किंवा दिव्याचं बटण ऑफिसात असतं. शेडपासून संडासापर्यंतची वाट उघडी असते. श्रावणात जांभ्याच्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं आणि सकाळी भिजून आलेली बाई दुपारी पुन्हा भिजायला तयार नसते. चार पत्रे टाकून ती वाट झाकली की अर्धा प्रश्न सुटतो. पॅड टाकायला झाकणाचा डबा नसतो, मग ते भांड्यात जातं, भांडं तुंबतं आणि दोष बायकांवर येतो. वाटेच्या कडेचं गवत वाढलेलं असतं. कातळाच्या भागात फुरसं म्हणजे गोष्टीतला साप नव्हे. दोन्ही बाजूंचं दीड-दोन मीटर गवत दर पंधरवड्याला काढायचं आणि चिऱ्यांचा ढीग संडासाच्या भिंतीला लावून ठेवायचा नाही.

आणि पाणी. लाइट गेली की पंप बंद, पंप बंद की नळ कोरडा. आंघोळीची सोय नसलेल्या कारखान्यात माणशी रोज ३० लिटर धरतात. ६० जणींना १८०० लिटर, म्हणजे दोन हजारांची टाकी एक दिवस पुरते. पावसाळ्यात लाइन दोन-दोन दिवस येत नाही, तेव्हा टाकी चार हजारांची घ्या आणि ती संडासाच्या वर बसवा, बॉयलरच्या बाजूला नको. बॉयलरच्या नळाला जोडलेलं पाणी कामगाराच्या वाट्याला कधी येत नाही, हे गृहीतच धरा.

हात धुवायचं बेसिन संडासाच्या आत

ही चूक फक्त काजूतच एवढी महागात पडते. घरच्या सवयीने बेसिन आत बसवतात, म्हणजे जाऊन आल्यावर हात धुवायचे. काजूच्या फोडणीवर, म्हणजे कवच फोडायच्या कामावर, बसलेल्या बाईला हात जायच्या *आधी* धुवावे लागतात. कवचातलं तेल कातडी जाळतं. काजू, आंबा, बिब्बा एकाच कुळातले. आंब्याचा चीक ओठाला लागला की काय होतं ते कोकणातल्या पोरालाही ठाऊक आहे, कवचातलं तेल त्याहून कितीतरी जहाल. तळहाताची राठ कातडी ते थोडंफार सोसते. नाजूक जागेची नाही सोसत. तेलकट हाताने एकदा संडासात जाऊन आलेली बाई दुसऱ्यांदा जायचं टाळते आणि हे ती मुकादमाला सांगणार नाही, मालकाला तर नाहीच. अंगावरचं मूल असलेल्या बाईचं तर विचारूच नका.

तेव्हा बेसिन, खरं तर लांब हौद आणि त्यावर चार-पाच नळ, फोडणीच्या खोलीच्या दाराबाहेर, संडासाच्या वाटेवर हवा. नळ कोपराने ढकलता येईल असा लांब दांड्याचा घ्या. गोल चावीचा नळ तेलाने माखतो आणि एकीचं तेल दुसरीच्या हाताला लागतं.

धुण्याचीही पद्धत आहे आणि ती दहापैकी नऊ ठिकाणी उलटी चालते. आधी साबण लावला की तेल निघत नाही, नुसतं पसरतं. आधी खोबरेल किंवा एरंडेल, साधारण चमचाभर, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला चोळायचं. मग ते कोरड्या चिंधीने किंवा लाकडाच्या भुश्याने पुसून टाकायचं. मगच साबण आणि पाणी. पूर्ण मिनिटभराचं काम आहे. चिंधी एकदाच वापरायची आणि फेकायची. हौदाशेजारी खिळ्याला टांगलेला तो एकच टॉवेल आधी काढून टाका. सकाळच्या तेलाने दुपारी तोंड पुसायचं साधन आहे ते.

रॉकेलने किंवा थिनरने हात धुणं हा शॉर्टकट अजून चालतो. तेल झटकन निघतं, खरं आहे. त्याबरोबर कातडीतला स्निग्धपणाही निघतो, भेगा पडतात आणि दुसऱ्या दिवशीचं तेल त्या भेगांतून आत जातं. ज्याला मिनिटभराची घाई आहे त्याने नंतर आठवडाभराच्या खाड्याची तक्रार करू नये.

काम सुरू करण्यापूर्वी एरंडेल आणि राख लावायची जुनी चाल आहे, ती मोडू नका. "आता ग्लोव्हज दिलेत" म्हणून राख बंद करणारे मालक भेटतात. फाटका ग्लोव्ह उघड्या हातापेक्षा वाईट. तेल आत शिरतं, घामाबरोबर मुरतं आणि सुट्टी होईपर्यंत तिथेच बसतं. ग्लोव्हज द्यायचेच तर आत सुती, वर रबरी, आणि रोज सकाळी तोंडाने फुगवून भोक तपासायचं. भोक पडलेला जोड मुकादमाने तिथल्या तिथे कापून टाकायचा. नुसता बाजूला ठेवला तर तो परत वापरात येतो.

विहीर आणि शोषखड्डा शेजारी

जांभ्यात खड्ड्याचं पाणी फार पटकन मुरतं, म्हणून गवंडी खूश असतो. तेच पाणी चिऱ्याच्या भोकांतून आणि फटींतून विहिरीकडेही तेवढंच पटकन पोचतं. विहीर आणि शोषखड्डा यांत १५-१८ मीटर सोडायची रीत आहे. कातळात मी ती किमान धरतो, पुरेशी नाही, आणि खड्डा विहिरीच्या उताराखालीच हवा. पावसाळ्यात विहिरीचं पाणी वर येतं तेव्हा मधलं अंतर कागदावर असतं तेवढं राहत नाही. जुलैत कामगारांना जुलाब लागले की आदल्या दिवशीच्या जेवणाकडे बोट जातं. आधी विहिरीचा काठ आणि खड्ड्याची जागा बघा.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पाण्यात टाकतात ते अंदाजाने मूठभर. हिशोब सोपा आहे: हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहीर ३ मीटर रुंद आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर दीड गुणिले दीड गुणिले ३.१४ गुणिले ४, म्हणजे साधारण २८ घनमीटर, २८ हजार लिटर. पावडर ७० ग्रॅम. दोन हजारांच्या टाकीला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. आधी थोड्या पाण्यात लगदा करायचा, बादलीत ढवळायचं, दहा मिनिटं थांबायचं, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी तेवढं टाकायचं. चुन्यासकट ओतलं तर पाण्याला चव येते आणि बायका प्यायचं सोडतात, म्हणजे पुन्हा पहिल्या चुकीपाशी. संध्याकाळी काम सुटल्यावर टाका. निदान तासभर पाणी काढू नका. सकाळी ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी चाचणी) पिवळा रंग यायला हवा. रंग येत नसेल तर माप वाढवण्याआधी पावडर तपासा. कोकणच्या दमट हवेत उघड्या पोत्यातली टीसीएल महिन्या-दोन महिन्यांत नुसता चुना होऊन जाते. लहान पाकिटं घ्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा.

टीसीएलचा डबा आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड एकाच फळीवर ठेवू नका. दोन्ही एकत्र झाले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो जीव घेऊ शकतो. तसंही अ‍ॅसिड आणि फिनेल ओतत राहिलं तर टाकीतले जंतू मरतात, मैला कुजत नाही, टाकी लवकर भरते. ब्रश आणि साधी साबण पावडर वापरा, रोज. आठवड्यातून एकदा अ‍ॅसिड ओतणं हा रोज न घासण्याचा बहाणा आहे.

पिण्याच्या पाण्याची जागा संडास, मोरी किंवा उघड्या गटारापासून किमान ६ मीटर लांब. वर 'पिण्याचे पाणी' असं मराठीत लिहा, आणि कटिंगवर परप्रांतीय कामगार असतील तर त्यांच्या भाषेतही. पाणी बुडवून घ्यायचा पेला काढून खाली नळ लावा. पावसाळ्यात कूलरचा पत्रा हाताला झिणझिण्या देत असेल तर खाली लाकडी फळी टाकून भागवू नका. अर्थिंग तपासा आणि त्या लाइनवर ३० मिलीअ‍ॅम्पियरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारं स्विच, बसवा.

बाकीच्या, ओघात

प्रथमोपचार पेटी दर १५० माणसांना एक, हे सगळे पाळतात. पेटीला कुलूप लावू नये, हे कुणी पाळत नाही. सर्पदंशाला दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. १०८ ला फोन करायचा. हा नंबर पेटीच्या झाकणावर बाहेरून रंगवा.

सोलणीला पंखा लावला की साल उडते, म्हणून पंखा बंद ठेवतात. वरचा पंखा नकोच. भिंतीत खाली एक्झॉस्ट लावा, बायकांच्या पाठीमागून हवा आत येऊ द्या.

उभ्याने कटर चालवणाऱ्यांना अधूनमधून टेकायला स्टूल हवंच, तशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनच आहे. सोलणीवाल्यांना जमिनीवर मांडी घालून आठ तास बसवणं बंद करा. टेबल कोपराच्या उंचीला आणि पाठ टेकेल अशी खुर्ची. माल कमी फुटतो, हे मालकांना सांगावं लागतं, तेव्हा पटतं.

पाळणाघराचा नियम पूर्वी ३० हून जास्त बायकांना लागायचा, २०२० च्या कामगार सुरक्षा-आरोग्य संहितेत तो ५० हून जास्त कामगारांना आहे. आकडा खाली असला तरी मूल कामावर येतंच, आणि झोळी कच्च्या काजूच्या पोत्यांवरच्या तुळईला बांधली जाते. पोत्यांत उंदीर, उंदरांमागे लेप्टो, म्हणजे त्यांच्या मुतातून पसरणारा ताप. झोळीला वेगळी खोली द्या, नाहीतर निदान पोती जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीपासून हातभर लांब.

जून ते सप्टेंबर बायका ओल्या येतात. ओली साडी अंगावरच वाळते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पडवीत बारा-पंधरा फुटांची नायलॉनची दोरी बांधा, पागोळीपासून आत, छत्र्या आणि रेनकोट तिथे. बदलायचे कपडे ठेवायला प्रत्येकीला खुंटी आणि पिशवी. ओले कपडे ड्रायरच्या उबेला, पण ड्रायरवर नाही, हातभर लांब, वेगळ्या काठीवर. काठी बांधून दिली नाही तर बायका ते ड्रायरच्या दारालाच लावतात आणि मग काजूच्या ट्रेमध्ये साडीचं पाणी ठिबकतं.