बेस ऐकायचा कसा

मोबाइलच्या स्पीकरवर बेस गिटार ऐकून आवडनिवड ठरवू नका. तिची सर्वांत खालच्या स्वराची ई तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते. तो इवलासा स्पीकर तिथवर उतरतच नाही. आधी बरे हेडफोन घ्या.

सुरुवात बेसवादक जेम्स जेमर्सनपासून करा. मार्विन गेच्या 1971 च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’चं शीर्षकगीत चार-चार मात्रांत तोडा, वेग 75 टक्क्यांवर आणा, बेसची ओळ आधी तोंडाने गा आणि मगच तारांवर शोधा. थेट टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते दाखवणारी लिपी) बघितला की बोटं शिकतात, कान कोरडाच राहतो. जेमर्सन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवायचा. त्याचा बोथट, गोल नाद हवा असेल तर ब्रिजजवळ (तारा टेकतात त्या घोडीजवळ) तारांखाली फोमचा तुकडा सरकवा. फार जाड नको, नाहीतर स्वर गुदमरतो.

मग बेसवादक जॅको पास्टोरियसचा 1976 चा पहिला अल्बम. इथे बहुतेकजण वेगाच्या मागे धावतात आणि फ्रेटलेसवरचा (मानेवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, नसलेल्या बेसवरचा) स्वर कसा हलतो, हे ऐकायचं राहून जातं.

गायकांकडून शिकायला बेळगावकरांना लांब जायला नको. कुमार गंधर्व 1924 मध्ये जवळच्याच सुळेभावीत जन्मले. त्यांच्या एका बंदिशीचा सा तारेवर शोधा, मुखडा वाजवा. फ्रेट असलेल्या बेसवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) तुटणारच. बोट न उचलता सरकवा. ते श्वास घेतात तिथे तुम्हीही थांबा. बेसवाल्यांना थांबायचंच जमत नाही!

दर सहा महिन्यांनी पाच आवडत्या अल्बमची यादी तारीख टाकून लिहा. जुनी फाडू नका.