रेट्रोपायचं सुरुवातीचं चित्र दिसत नाही? आधी ते चित्र कुणाचं ते ओळखा

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर रेट्रोपाय ही जुने गेम खेळवणारी प्रणाली टाकून घरी गेमचा डबा तयार झाला, की दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला सुरुवातीला आपलं चित्र हवं असतं. कुणाला कुलदैवत, कुणाला आवडता गेम, माझ्या भाच्याला गल्लीतल्या गणेश मंडळाचा लोगो. ते दिसलं नाही की उपाय ठरलेला: कार्ड पुसा, सगळं नव्याने टाका. कृपा करून असं करू नका, गेमचे सेव्हही जातात. मी केबलच्या धंद्यातला माणूस. पडदा काळा दिसला की सिग्नल कुठपर्यंत आलाय हे आधी बघायचं, एवढंच आम्हाला कळतं. इथेही तेच करायचं.

पाय सुरू होताना एकामागून एक वेगवेगळी चित्रं येतात आणि प्रत्येकाचा धनी वेगळा. पहिला इंद्रधनुष्यी चौकोन फर्मवेअरचा, म्हणजे पायला जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा. मग डाव्या कोपऱ्यात रास्पबेरी आणि खाली धावणाऱ्या पांढऱ्या ओळी, त्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या. (प्रोसेसरचे जितके कोअर तितक्या रास्पबेरी, म्हणून पाय ३ वर चार दिसतात.) त्यानंतर तुमचं स्प्लॅश चित्र, म्हणजे आपलं हवं असलेलं सुरुवातीचं चित्र, ते रेट्रोपायचं. मग गेमची यादी दाखवणाऱ्या एम्युलेशनस्टेशनचा स्वतःचा लोडिंगचा पडदा. शिवाय गेम निवडल्यावर क्षणभर दिसणारं चित्र गेम चालू करणाऱ्या रनकमांडचं असतं, त्याचा बूटशी (पाय सुरू होण्याशी) संबंध नाही. पुष्कळ जण ते बदलायला म्हणून स्प्लॅशच्या फोल्डरमध्ये फाइल टाकतात आणि वाट बघत बसतात.

पडदा इंद्रधनुष्यावरच थिजला असेल तर चित्राला दोष देऊ नका. कर्नलच उठलेला नाही. हिरवा दिवा मोजा: पुन्हा पुन्हा सात वेळा लुकलुकत असेल तर कर्नलची फाइल सापडत नाही, इंद्रधनुष्यही न येता चार वेळा असेल तर फर्मवेअरची स्टार्ट फाइल. कार्ड खराब असेल किंवा कार्डावर टाकलेली रेट्रोपायची इमेज (पूर्ण प्रणालीची फाइल) दुसऱ्या मॉडेलची असेल. कोपऱ्यात पिवळी वीज दिसली तर ती व्होल्टेज पडल्याची सूचना आहे. पाय ३ ला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा आणि पाय ४ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर द्या. मोबाइलचा जुना चार्जर लावून ‘चित्र अडकतं’ म्हणणारे रोज भेटतात.

आता खरा विषय. रेट्रोपायच्या मेनूत स्प्लॅश स्क्रीन्स उघडा. तिथे प्रीव्ह्यूची सोय आहे आणि अर्धं निदान तिथेच होतं. प्रीव्ह्यूमध्ये चित्र दिसतं पण बूटला नाही, तर चित्र ठणठणीत आहे, गडबड निवडलेल्या चित्रांच्या यादीत, बूटला स्प्लॅश दाखवणाऱ्या सेवेत किंवा टीव्हीत. प्रीव्ह्यूमध्येही दिसत नसेल तर चित्रच बिघडलेलं.

बिघडलेल्या चित्रांत सगळ्यात जास्त वेळा सापडते ती नाव बदललेली फाइल. भाच्याने पाठवलेला लोगो व्हॉट्सअ‍ॅपचा स्टिकर होता. स्टिकर वेबपी प्रकारात असतात, आकार ५१२ बाय ५१२. त्याने फाइलच्या नावाच्या शेवटी असलेला प्रकार पुसून पीएनजी लिहिलं, झालं! आयफोनच्या फोटोंचंही तेच, त्यांच्या हेइक प्रकाराला जेपीजी म्हटल्याने तो जेपीजी होत नाही. टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘फाइल’ ही आज्ञा देऊन पुढे चित्राचं नाव लिहा, आत खरोखर काय आहे ते ती सांगते. मग एखाद्या चित्र संपादकात उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ने नीट पीएनजी करा, १९२० बाय १०८० आकारात. फोनवर काढलेला उभा फोटो तसाच टाकलात तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच, आडवा कापून घ्या. नावात रिकामी जागा नको, देवनागरी नको, सगळी अक्षरं रोमी आणि लहान. पायवर चालणारा लिनक्स मोठं-लहान अक्षर वेगळं मानतो, विंडोजवाल्यांना हे पचत नाही.

चित्र रेट्रोपायच्या स्प्लॅशस्क्रीन्स फोल्डरमध्ये ठेवा. घरच्या नेटवर्कवर सांबा (फोल्डर दुसऱ्या संगणकावर दाखवणारी सोय) चालू असेल तर तो फोल्डर संगणकावरून थेट उघडतो, कार्ड काढावंही लागत नाही. पण नुसतं ठेवून भागत नाही, मेनूतून ‘चूज’ करावं लागतं. निवडलेल्या चित्राचा पूर्ण पत्ता ईटीसी फोल्डरमधल्या ‘स्प्लॅशस्क्रीन डॉट लिस्ट’ या फाइलमध्ये लिहिला जातो. नंतर तुम्ही चित्राचं नाव बदललंत किंवा जागा हलवलीत, तर यादीत जुनाच पत्ता राहतो. ‘काल दिसत होतं, आज नाही’ ही तक्रार आली की मी आधी ही यादी उघडतो. त्याच मेनूत बूटला स्प्लॅश चालू आहे की बंद, तेही बघा.

हे सगळं बरोबर असेल तर टीव्हीकडे वळा. बरेच टीव्ही एचडीएमआय पकडायला काही सेकंद घेतात, तेवढ्यात चित्र येऊन गेलेलं असतं. आधी टीव्ही, मग पाय. पाय ४ ला दोन मायक्रो एचडीएमआय आहेत, केबल वीज जोडणीच्या शेजारच्या तोंडात लावा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’सारखा पर्याय शोधा. उलट चारी बाजूंनी काळी चौकट उरत असेल तर पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिसेबल ओव्हरस्कॅन’ची किंमत १ करा. ओव्हरस्कॅन ही पिक्चर ट्यूबच्या काळातली सोय. तेव्हा कडा टीव्हीच्या चौकटीआड जायच्या आणि कुणी तक्रार करायचं नाही.

इंद्रधनुष्य आणि पांढऱ्या ओळी नकोत म्हणणाऱ्यांसाठी: कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिसेबल स्प्लॅश’ची किंमत १ केली की इंद्रधनुष्य जातं. ‘डिसेबल ओव्हरस्कॅन’ आणि ‘डिसेबल स्प्लॅश’ या दोन्ही नावांत शब्द अंडरस्कोरने जोडायचे. ओळींसाठी सीएमडीलाइन फाइलमध्ये ‘कन्सोल’पुढच्या ‘टीटीवाय१’चं ‘टीटीवाय३’ करा आणि शेवटी जागा सोडून ‘क्वाएट’ व ‘लोगो डॉट नोलोगो’ जोडा. ही फाइल एकाच ओळीत असावी लागते. मध्ये एंटर दाबलात तर पुढचं वाचलंच जात नाही आणि पाय उठत नाही, म्हणून आधी प्रत काढून ठेवा. कार्ड विंडोजला लावल्यावर बूटचा छोटा भाग उघडतो, कॉन्फिग आणि सीएमडीलाइन या फाइली त्यातच असतात, आणि दुसऱ्या भागासाठी ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न येतो. तिथे नाही म्हणा, तुमचे गेम त्यातच आहेत.

चित्राऐवजी व्हिडिओ हवा असेल तर एच.२६४ या पद्धतीने साठवलेला एमपी४ घ्या. नवे फोन बऱ्याचदा एचईव्हीसी या दुसऱ्या पद्धतीत रेकॉर्ड करतात आणि पाय ३ त्याला हार्डवेअरने उलगडत नाही, पडदा काळा राहतो. गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ लावायचा असेल तर तो आधी संगणकावर एच.२६४ मध्ये बदला आणि लांबी कमी करा, कारण रोज गेम सुरू करताना पूर्ण आरती ऐकायची मुलांची तयारी नसते.