लर्निंग लायसन्सवर रोडवर गाडी शिकताय? या चुका टाळा

लर्निंग हातात आलं की घरात हमखास ऐकू येतं, "झालं ना लायसन्स, आता जा चौकातून दूध घेऊन ये." आणि हल्ली आधारवरून घरबसल्या टेस्ट देऊन लर्निंग मिळतं, महाराष्ट्रात 2021 पासून ही सोय आहे, त्यामुळे आरटीओत कोणी समोर बसवून दोन शब्द सांगेल असंही राहिलं नाही. पीडीएफ डाउनलोड झाली की पोरं गाडी घेऊन सुटतात. म्हणून आधी नियम काय आहे तो नीट समजून घ्या, कारण बऱ्याच चुका तो माहीत नसल्यामुळेच होतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 3. लायसन्सशिवाय गाडी चालवायची नाही असं कायदा सांगतो आणि हा नियम शिकणाऱ्याला त्यातून सूट देतो, पण अटींवर. लर्निंग मुदतीत असलं पाहिजे, सोबत पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा पाहिजे आणि तो गाडी कंट्रोल करू शकेल किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला पाहिजे, आणि गाडीला पुढे-मागे एल पाहिजे. यातली एक अट जरी मोडली तरी सूट गेली, मग खिशात लर्निंग असूनही तुम्ही विनालायसन्स गाडी चालवताय असंच धरलं जाऊ शकतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला 5,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्याने ती चालवायला दिली म्हणून त्याच्यावर वेगळी कारवाई, तीही तेवढीच.

शेजारी कोण बसलंय?

माझं स्पष्ट मत आहे की शिकणाऱ्यापेक्षा शेजारी बसणाऱ्याच्या चुका जास्त असतात आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. मित्राला सोबत घेतलं म्हणजे झालं असं नाही, त्या मित्राकडे कारचं लायसन्स आहे का? बऱ्याच लोकांकडे फक्त टू-व्हीलरचं असतं आणि कार ते "येते" म्हणून चालवत असतात. काका-मामा लोकांचं वेगळंच, जुनी लायसन्स 20 वर्षं किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंतच चालायची, त्यामुळे कित्येकांचं कार्ड कधीच संपलेलं असतं आणि त्यांना पत्ताच नसतो. त्यांचा अनुभव तीस वर्षांचा असेल पण मुदत संपली असेल तर या नियमासाठी तो चालत नाही. निघायच्या आधी कार्ड बघून घ्या, यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरं, तो पुढच्याच सीटवर बसला पाहिजे. आई पुढे आणि लायसन्स असलेले बाबा मागून सूचना देतायत हे चालत नाही, मागच्या सीटवरून गाडी कशी थांबवणार? मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक-क्लच असतो, घरच्या गाडीत त्याच्याकडे हँडब्रेक सोडून काहीच नसतं. म्हणून हँडब्रेकवर हात पोचतो का ते बघा, मधे पर्स, बाटली, चार्जरच्या वायरी नकोत. नवीन गाड्यांमध्ये हँडब्रेकच्या जागी बटण असतं, ते कुठे आहे आणि चालत्या गाडीत कसं काम करतं हे शेजारच्याने मॅन्युअलमध्ये आधी वाचून ठेवावं. आणि त्याने फोन बघायचा नाही, रील काढायचं नाही.

तिसरी गोष्ट भाषेची, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गडबड झाली की शेजारचा ओरडतो "अरे थांब थांब थांब!" आणि नवीन माणूस घाबरून जो पॅडल पायाखाली आहे तोच जोरात दाबतो, आणि तो ॲक्सिलरेटर निघाला तर गाडी सरळ समोरच्या स्कूटरवर. निघायच्या आधीच शब्द ठरवून घ्या. "ब्रेक" म्हटलं की ब्रेक, "पाय काढ" म्हटलं की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, "डावीकडे वळ" आणि "डावीकडे सरक" हे दोन वेगळे, कारण नुसतं "डावीकडे घे" म्हटलं तर काहीजण कडेला घेतात आणि काहीजण थेट गल्लीत वळतात. सूचना वळणाच्या बरीच आधी द्या, ऐन कोपऱ्यावर नाही. स्टिअरिंग मधेच खेचू नका, अगदी टक्कर होणारच असेल तर गोष्ट वेगळी.

गाडी सिग्नलला बंद पडली, मागे सरकली

सिग्नल हिरवा झाला, गाडी बंद पडली आणि मागे हॉर्नचा पाऊस सुरू झाला. इथे लोक घाईत गिअर न काढता, क्लच अर्धाच दाबून चावी फिरवतात आणि गाडी उडी मारते. असं करा, ब्रेक दाबून ठेवा, हँडब्रेक ओढा, चारी इंडिकेटर लावा, क्लच पूर्ण दाबून न्यूट्रल करा, मग स्टार्ट. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत, एक सिग्नल गेला तरी चालेल.

चढावर गाडी मागे जाते तेव्हा बहुतेकजण हाफ क्लचवरच गाडी धरून ठेवतात, थोड्या वेळाने जळका वास येतो तो क्लच प्लेटचा. चढावर थांबलात की हँडब्रेक, निघताना पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडत जा, इंजिनचा आवाज दबला आणि बॉनेट किंचित उचललं की थोडा रेस, मग हँडब्रेक खाली. हे आधी रिकाम्या चढावर घोटून घ्या, थेट फ्लायओव्हरच्या ट्रॅफिकमध्ये नको. वास आलाच तर बाजूला घेऊन गाडी थंड होऊ द्या. आणि डावा पाय फक्त क्लचला, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने, सैल चप्पल घालून तर बसूच नका.

एल कसा हवा

कागदावर पेनाने काढून काचेच्या कोपऱ्यात अडकवलेला एल कोणाला दिसतो? नियमात माप दिलंय, पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षर, पाटी किमान 18 बाय 18 सेंटीमीटर, अक्षर किमान 10 सेंटीमीटर उंच, 2 जाड आणि खाली 9 रुंद. पुढे आणि मागे दोन्हीकडे. काहीजण लाजेखातर लावत नाहीत, पण एल दिसला की मागचा निदान थोडं अंतर ठेवण्याची शक्यता असते, तो तुमच्याच फायद्याचा आहे.

टू-व्हीलरवाल्यांसाठी

लर्निंगवर मैत्रिणीला डबल सीट कॉलेजला सोडायचं नाही. मागे बसू शकतो तो फक्त लायसन्स असलेला शिकवणारा. हेल्मेट दोघांनाही.

आणि सोळाव्या वर्षी मिळणारं लर्निंग, याबद्दल पालकांचा फार मोठा गैरसमज आहे. ते 50 सीसीपर्यंतच्या गाडीसाठी असतं. घरोघरी असलेल्या स्कूटर साधारण 110 किंवा 125 सीसीच्या, म्हणजे त्या लर्निंगवर ती चालवणं बेकायदाच. अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. क्लासला जायला रिक्षा किंवा सायकल परवडेल हो.

कुठे शिकायचं

रविवारी सकाळी एमआयडीसीचे रस्ते बरे पडतात, फक्त कडेला उभ्या ट्रकच्या मागून अचानक कोणी बाहेर येतं ते लक्षात ठेवा. पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार शिकण्यासाठी अजिबात नको, तिथे ब्रेक फेल झालेल्या ट्रकचे अपघात पुन्हा पुन्हा झालेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर भागात असाल तर ऊस सीझनला अंधारात प्रॅक्टिस टाळा, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि मागे रिफ्लेक्टर असेलच याची खात्री नाही. पहिल्या पावसातही नको, रस्त्यावरचं ऑइल वर येऊन टायर घसरतात.

इन्शुरन्सचं पण बघा. आपल्याकडच्या पॉलिसीत ड्रायव्हर क्लॉजमध्ये सहसा लिहिलेलं असतं की लर्निंगवालाही गाडी चालवू शकतो, पण नियम 3 पाळला असेल तर. सुप्रीम कोर्टाने 2004 मध्ये स्वर्ण सिंग केसमध्ये लर्निंग हेही लायसन्सच आहे असं सांगितलं, त्यामुळे समोरच्या जखमी माणसाच्या भरपाईत "फक्त लर्निंग होतं" एवढंच कारण कंपनीला पुरत नाही. पण शेजारी कोणी नसताना तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर क्लेम अडू शकतो.

लर्निंग सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्सची टेस्ट 30 दिवसांनंतर देता येते, तेव्हा शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, स्लॉट मिळायला वेळ लागतो आणि मुदत संपली तर नवीन लर्निंग काढावं लागतं, तोपर्यंत प्रॅक्टिस बंद. आणि टेस्टच्या दिवशी बरेचजण स्वतः एकटेच गाडी चालवत आरटीओला जातात. तेव्हाही तुमच्याकडे लर्निंगच असतं, म्हणून त्या दिवशीही एल लावलेला आणि शेजारी लायसन्सवाला माणूस पाहिजेच, आणि टेस्ट पास झालात तरी लायसन्स अजून मिळालेलं नसतं म्हणून परत येतानाही तोच शेजारी.