डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतरची रजा कशी ठरवावी

रजेचा अर्ज लिहिण्यापूर्वी आपल्या कामाचे स्वरूप डॉक्टरांना नीट समजावून सांगावे. नुसते ‘ऑफिसात जातो’ म्हणून भागत नाही. मोतीबिंदू काढल्यानंतर बैठे काम करणाऱ्याला बहुधा काही दिवसांत किंवा आठवडाभरात कामावर परतता येते, पण धुळीत वावरण्याचे किंवा ओझी उचलण्याचे काम असल्यास रजा लांबवावी लागते. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर काही दिवस तोंड खाली करून राहावे लागू शकते. शिवाय तो पूर्ण विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो, कारण उंचीवर वायू प्रसरण पावून डोळ्यातील दाब धोकादायक वाढतो. तेव्हा फिरतीचे काम आधीच दुसऱ्याकडे सोपवलेले बरे.

वैद्यकीय प्रमाणपत्रात रजेच्या मुदतीबरोबरच रुजू झाल्यावर टाळायची कामेही लिहून घ्यावीत. थेंब बहुधा रजा संपल्यावरही चालू असतात, म्हणून कामाच्या ठिकाणीही हात धुऊनच आणि बाटलीचे टोक पापणीला न टेकवता ते घालावेत. दुखणे किंवा लाली वाढली, अथवा दृष्टी अचानक मंदावली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.