गहू बंद झाल्यावर: घरी आणि प्रवासात ग्लुटेनमुक्त कसे जेवावे

सीलिॲक म्हणजे गहू, जव आणि राय (गव्हासारखे एक परदेशी धान्य) यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार. त्याचे निदान झाले की घरात पहिली काळजी सुरू होते ती पोळीची. खरे तर पोळी सोडणे सगळ्यांत सोपे, कारण ती ताटात समोर दिसते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि सगळ्या डाळी यांत ग्लुटेन नसतेच, आणि आपला निम्मा स्वयंपाक यांवरच चालतो. गहू गुपचूप पोटात जातो तो गिरणीतून, हिंगाच्या डबीतून, भाकरीच्या परातीतून आणि तळणीच्या तेलातून.

आधी एक सूचना. नुसता संशय असेल तर तपासणीआधी गहू बंद करू नका. रक्तातली टीटीजी-आयजीए चाचणी आणि आतड्याची बायोप्सी या दोन्ही, गहू खाणे चालू असतानाच खरे उत्तर देतात. महिनाभर गहू सोडून मग चाचणी केली, तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो.

किती म्हणजे फार?

बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसते असे मानले जाते. रोज ५० मिलिग्रॅम जात राहिले, तर काही महिन्यांत आतड्याला इजा होते. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे १० मिलिग्रॅम ही पोळीच्या अडीचशेव्या भागाची गोष्ट झाली, ताटात पडलेला एक कण.

हा हिशेब डोक्यात असला की कशाला किती घाबरायचे ते ठरवता येते. ढाब्यावर भाकरी थापायला सोपी जावी म्हणून ज्वारीच्या पिठात कणीक मिसळतात. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत पाचवा हिस्सा कणीक असेल, तर त्या एका भाकरीतून १ ग्रॅम ग्लुटेन जाते, शंभर दिवसांची मर्यादा एका जेवणात. हिंगाचे उलट. बाजारातल्या पावडर हिंगात शुद्ध हिंग थोडा आणि बाकी डिंक नि मैदा किंवा कणीक असते. चिमूटभर, म्हणजे ०.२ ग्रॅम हिंगात निम्मे पीठ धरले, तरी ग्लुटेन ८ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही चौघांच्या आमटीत वाटले जाते. घरी हा हिंग ठेवायचे काहीच कारण नाही. बाहेर मात्र हिंगावरून आचाऱ्याची उलटतपासणी घेण्याआधी भाकरीची घ्यावी. तरी हिंग सांबारात, लोणच्यात, पापडात, चाट मसाल्यात असतोच. दिवसातून चार वेळा थोडाथोडा गेला की बेरीज वाढते.

नावावरून फसवणारे

खपली गहू "जुना, पचायला हलका" म्हणून विकला जातो. तो गहूच आहे, ग्लुटेनसकट. सातूच्या पिठात भाजलेला गहू असतो. मेतकुटात डाळ-तांदळाबरोबर मूठभर गहू पडतो आणि थालिपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरी पडतो. दोन्ही घरी करताना तेवढे गहू गाळले तरी चवीत फरक कळत नाही. कुरडई दिसायला तांदळाची वाटते, पण ती गव्हाच्या चिकाची, म्हणून लग्नाच्या ताटात ती पहिली ओळखायला शिका. हॉर्लिक्स आणि बोर्नव्हिटात माल्ट, म्हणजे जव, असते. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी त्यांनाही बऱ्याचदा माल्टची चव लावलेली असते. सोया सॉस गव्हाशिवाय क्वचितच बनतो, त्यामुळे "नुसता फ्राइड राइस" नुसता नसतो. ओट्स शेतापासून गोदामापर्यंत गव्हाच्या सोबतीने येतात. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहिलेले नसेल तर घेऊ नयेत.

भारतात पाकिटावर "ग्लुटेन फ्री" लिहायचे तर एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन हवे. "लो ग्लुटेन" म्हणजे २० ते १००, ते आपल्या कामाचे नाही. आणि "गहू नाही" याचा अर्थ "ग्लुटेन नाही" असा होत नाही, जव असू शकते.

गिरणी

गल्लीतल्या गिरणीत तुमच्याआधी गहू दळला असेल, तर जात्याच्या दगडांत, खालच्या डब्यात आणि पीठ पडते त्या कापडी पिशवीत गव्हाचे पीठ राहतेच. तुमच्या पाच किलो ज्वारीत त्यातले फक्त १० ग्रॅम उतरले, तरी किलोमागे १७० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन झाले, मर्यादेच्या आठपट. "आधी किलोभर तांदूळ काढून टाका" ही सोय काही गिरणीवाले करतात. त्याने प्रमाण घटते, खात्री होत नाही, शिवाय गिरणीत पीठ हवेतही उडत असते.

खात्रीचे मार्ग मोजके. गहू दळतच नाही अशी गिरणी जवळ असेल तर उत्तम. नाहीतर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात कधीही, पाहुण्यांसाठी सुद्धा, गहू घालू नये. जुनी, गहू दळलेली घरघंटी कुणी देऊ केली तर नम्रपणे नको म्हणा. तांदळाची पिठी थोडी लागत असेल तर तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून मिक्सरवर निघते. कशावरही दळा, धान्य आधी ताटात पसरून निवडा. सुट्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात.

मिश्र घरातला ओटा

घरातले बाकीचे पोळी खाणार असतील तर क्रम पाळा: आधी भाकरी, मग पोळ्या. कणीक चाळली की तिची भुकटी बराच वेळ हवेत राहते. फडताळात ग्लुटेनमुक्त डबे वरच्या कप्प्यात आणि कणीक-रवा खाली, कारण पीठ सांडते ते खालीच. पोळपाट-लाटणे, लाकडी डाव, बिडाचा तवा आणि पिठाची चाळणी वेगळी हवी. यांत चाळणी विसरली जाते, आणि तीच कधी पूर्ण स्वच्छ होत नाही. स्टीलची भांडी नीट घासली की पुरतात. तूप, लोणी, जॅम यांच्या बरणीत पोळीला लागलेला चमचा परत जातो, म्हणून या वस्तूंची छोटी वेगळी बरणी नाव घालून ठेवा. फोडणीला पीठ न मिसळलेला शुद्ध हिंग आणा, वेष्टन वाचूनच, कारण खडा हिंगातही पीठ असू शकते. शुद्ध हिंग फार उग्र असतो, तेव्हा मुगाच्या डाळीएवढा तुकडा चौघांच्या आमटीला पुरे.

भाकरी जमत नाही त्यांच्यासाठी

गव्हाला ताण देते ते ग्लुटेन. ज्वारीला ते नाही, तिच्या पिठाचा चिकटपणा म्हणजे विरी, आणि ती पीठ जुने झाले की जाते. म्हणून एका वेळी दहा-पंधरा दिवसांपुरतेच दळा. बाजरीचे तर आठवड्याचेच, नंतर ते कडवट होते.

नवशिक्याने उकड काढावी. दीड वाटी पाणी मीठ घालून खळखळ उकळा, गॅस बंद करून दोन वाट्या पीठ घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळून दहा मिनिटे झाकून ठेवा. परातीत घेऊन गरम असतानाच पाण्याच्या हाताने, तळव्याच्या टाचेने रगडून मळा. सगळा गोळा एकदा मळून भागत नाही, प्रत्येक भाकरीचा उंडा थापण्याआधी पुन्हा मळावा लागतो. खाली ज्वारीचेच पीठ भुरभुरवा. तवा चांगला तापल्यावर पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाका, लगेच वरून पाणी फिरवा, पाणी सुकत आले की उलटा, दुसरी बाजू भाजली की पहिली बाजू जाळावर धरा.

कडा चिरल्या तर मळणे कमी पडले किंवा विरी गेली. विरी गेलेल्या पिठात वाटीभर तांदळाची पिठी किंवा दोन वाट्यांना एक चमचा इसबगोल घातला तर निभावते. भाकरी फुगली नाही तर वरचे पाणी पूर्ण सुकेपर्यंत तुम्ही थांबलात. गार झाल्यावर वातड झाली तर थापताना कोरे पीठ जास्त गेले.

प्रवासाचा डबा

दुसऱ्या दिवसापर्यंत मऊ हवी तर पीठ दुधात मळून दशम्या करा. वाफ पूर्ण जाईपर्यंत सुती कापडावर पसरून ठेवा, गरम डब्यात भरल्या तर घाम धरून बुरसतात. लांबच्या प्रवासाला सोलापूरकडची कडक भाकरी घ्या. पातळ थापलेली, मंद आचेवर पाणी पूर्ण उडेपर्यंत भाजलेली ही भाकरी कितीतरी दिवस टिकते आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पोटभर होते. विकतची घेताना पिठात गहू नाही ना आणि कुठे दळतात, हे विचारा.

बरोबर जाड पोहे, मीठ, साखर आणि घरचे गव्हाविना मेतकूट ठेवा. पोहे धुऊन गरम पाण्याचा हबका मारून पाच मिनिटे झाकले, वर दही घातले की जेवण झाले. गरम पाणी चहावाल्याकडून घ्या, रेल्वेच्या डब्यातल्या सॉकेटवर विजेची किटली लावायला बंदी आहे. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, केळी, उकडलेली अंडी कुठेही चालतात.

हॉटेलात

"ग्लुटेन फ्री आहे का?" असे विचारले की बहुतेक ठिकाणी मान डोलते आणि हाती काही लागत नाही. प्रश्न वस्तूवर विचारा. भाकरीच्या पिठात कणीक मिसळता का? थापताना खाली कोणते पीठ घेता? मासा रव्यात घोळवता की तांदळाच्या पिठीत? डोशाच्या पिठात रवा किंवा मैदा घालता का? वडे तळता त्याच कढईत समोसे तळता का? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. बटाटेवड्याचे आवरण बेसनाचे असले तरी तेलात समोशाचा मैदा उतरलेला असतो, आणि तेल उकळते आहे म्हणून ग्लुटेन नष्ट होत नाही.

काहीच कळत नसेल तर उपवासाचे मागा. मराठी उपवासाला धान्य चालत नाही आणि हिंगही नाही, फोडणी तूप-जिऱ्याची. म्हणजे साबुदाण्याची खिचडी किंवा भगर आणि दाण्याची आमटी यांत धान्य आणि हिंग या दोन्ही काळज्या एकदम मिटतात. साबुदाणा वडा मात्र तेलाची चौकशी केल्याशिवाय नको. एकादशीला पंढरपूर-आळंदीच्या वाटेवर हे पदार्थ पावलोपावली मिळतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो, तिथे फळ मागून घ्यावे.

कोकणात आणि गोव्यात भात, तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, सोलकढी यांवर आठवडा मजेत जातो. तिथला मुख्य धोका रवा फ्राय. वेगळ्या तव्यावर, पिठीत घोळवून द्या असे सांगितले तर गर्दीची वेळ नसताना सहसा करून देतात. पोई आणि पाव गव्हाचे, सान्ना तांदळाचे. बेबिंकात मैदा असतो, दोदोल तांदळाच्या पिठाचे म्हणून चालते.

मिसळीत रस्सा बरा, फरसाण नको: त्यात मैद्याच्या पापड्या आणि शंकरपाळ्यांचा चुरा येतो. इडली तांदळाची आहे ना, एवढे पाहून घ्या. लग्नात बुफे असेल तर सुरुवातीलाच वाढून घ्या. तासाभराने पुरीचा चमचा भातात आणि जिलबीचा चिमटा श्रीखंडात गेलेला असतो. पंगतीत वाढप्याला आधी सांगून वरण-भात, मठ्ठा, कोशिंबीर घ्या. उकडीचे मोदक चालतात, तळणीचे नाहीत.

विमान आणि परदेश

लांब पल्ल्याच्या विमानात ग्लुटेनमुक्त जेवणाचा संकेत जीएफएमएल. बहुतेक कंपन्यांना तो निदान २४ तास आधी कळवावा लागतो, आणि विमान बदलले की पुन्हा तपासावा लागतो. ट्रे आला तरी सोबतचा पाव उघडण्याआधी वेष्टन वाचा, चुकून साधा ठेवला जातो.

युरोपात पाकिटावरच्या घटकांत गहू, जव, राय, ओट्स उठून दिसतील असे छापणे बंधनकारक आहे, त्यामुळे खरेदी झटपट होते. अमेरिकेत गहू जाहीर करावाच लागतो, जव नाही. तिथे "माल्ट" आणि "बार्ली" हे शब्द स्वतः शोधा. ऑस्ट्रेलियात ग्लुटेनमुक्तचा अर्थ सगळ्यांत कडक, चाचणीत ग्लुटेन सापडताच कामा नये. जपानमध्ये पाण्याऐवजी पुढे येणारा गार चहा पुष्कळदा जवाचा असतो.

इतके करूनही चुकून गहू गेलाच तर त्यावर उतारा म्हणून घ्यायची गोळी नाही. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस घ्या, दोन दिवस वरण-भात-ताक यांवर राहा, आणि काय खाल्ले ते लिहून ठेवा. अधूनमधून होणारी टीटीजी चाचणी वाढलेली आली, तर शोध त्या यादीपासून आणि गिरणीपासून सुरू करता येतो.