एन्कोडरची डिस्क सरकली आहे का? तपासताना या चुका टाळा

सोलापुरात मशीन अडलं की पहिला संशय एन्कोडरवर, म्हणजे शाफ्ट किती फिरला ते मोजणाऱ्या उपकरणावर. अक्कलकोट रोडचा टॉवेल कारखाना असो की चिंचोळी एमआयडीसीतली सीएनसी शेड, "साहेब, एन्कोडर गेला" हे फिटरच्या तोंडी तयारच असतं. नवा मागवायचा, बसवायचा, आणि थोड्याच दिवसांत तीच तक्रार पुन्हा ऐकायची. दोष आतल्या रेघांच्या डिस्कमध्ये आहे, शाफ्टला जोडणाऱ्या कपलिंगमध्ये की आणखी कुठे, हे पाहायचंच राहून जातं.

फेरीचे पल्स बरोबर, म्हणून डिस्कही बरोबर?

सगळ्यात जास्त फसवणारी समजूत ही. शाफ्ट हाताने एक फेरी फिरवायचा, काउंटरवर 2500 पल्स (दर रेघेमागे एक विजेचा ठोका) दिसले की "ओके" म्हणून पुढे जायचं. पण डिस्कवर रेघाच 2500 आहेत. डिस्क मधोमध बसलेली असो वा नसो, एका फेरीत तेवढ्याच रेघा सेन्सरसमोरून जाणार. जात्याचा खुंटा मधून हलला तरी जातं फेरी पूर्ण करतंच, फक्त एका बाजूला दाबून फिरतं; तसंच हे. चूक होते ती फेरीच्या आत: अर्ध्या फेरीत आकडा पुढे धावतो, उरलेल्या अर्ध्यात मागे पडतो.

किती, ते मोजून पाहा. रेघांच्या वर्तुळाची त्रिज्या 20 मिमी धरली, तर 2500 रेघांमध्ये दोन रेघांचं अंतर साधारण 50 मायक्रॉन येतं. डिस्कचं केंद्र शाफ्टच्या केंद्रापासून 50 मायक्रॉन सरकलं, की कोनातली चूक पुढेमागे एका अख्ख्या रेघेची, म्हणजे सुमारे 0.14 अंश. चौपट मोजणीत (एका रेघेचे चार काउंट धरतात ती) चार काउंट. केसाच्या जाडीएवढंही सरकायला लागत नाही.

आता हे 0.14 अंश कुठे नडतात? लूमच्या (यंत्रमागाच्या) मेन शाफ्टवर नाही. तिथलं टायमिंग पूर्ण अंशांत लावतात, त्यामुळे तिथे डिस्कच्या मागे लागणं म्हणजे वेळ घालवणं. पण सोलापुरात कॅमशाफ्टही बनतात, आणि कॅमच्या लोबचा (उंचवट्याचा) कोन ज्या अक्षावर पकडला जातो तिथे हीच चूक थेट जॉबवर उतरते.

चूक वाढते की फिरून तिथेच येते?

पाना हातात घेण्याआधी हे ठरवा. डिस्क केंद्रापासून सरकलेली असेल तर चूक दर फेरीला तशीच वरखाली होते, साठत नाही. शंभर फेऱ्यांनंतरही झेड पल्स (फेरीत एकदाच येणारा खुणेचा पल्स) आला की आकडा जागेवर. उलट चूक वाढत चालली असेल, तर पल्स गळताहेत, जास्तीचे येताहेत किंवा काहीतरी घसरतंय: ढिला ग्रब स्क्रू (शाफ्टवर आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू), मोटरच्या केबलला चिकटून नेलेली सिग्नलची वायर, अर्थिंग नसलेलं शील्ड (वायरवरचं जाळीचं आवरण).

टॉवेलच्या लांबीची तक्रार जवळजवळ नेहमी या दुसऱ्या, वाढत्या चुकीच्या गटातली, फक्त तिथे पल्सऐवजी रोलरच बदललेला असू शकतो. मोजणाऱ्या रोलरचा घेर 500 मिमी असेल आणि त्यावर अर्धा मिमी रुईचा थर बसला, तर घेर तीन मिमीहून जास्त वाढतो. काउंटर 100 मीटर दाखवतो तेव्हा साधारण 63 सेंटीमीटर कापड जास्तीचं गेलेलं असतं. एवढी तफावत डिस्कच्या सरकण्याने येऊच शकत नाही. रोलर पुसा.

डिस्कची चूक साठत नाही, याला एक अपवाद मात्र आहे. डिस्क तिरकी बसली असेल, तर फिरताना तिचं आणि सेन्सरचं अंतर कमीजास्त होतं आणि त्याबरोबर सिग्नलचा जोरही. तो फार खाली गेला की पल्स गळायला लागतात, तेही दर फेरीला साधारण एकाच जागी.

त्याच एन्कोडरने त्याचीच परीक्षा

ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीच्या) डिस्प्लेवर वेग स्थिर दिसतो म्हणून एन्कोडर निर्दोष ठरवणं ही शिकल्या-सवरलेल्यांची चूक. ड्राइव्ह त्याच एन्कोडरचं ऐकून मोटर चालवतो. डिस्क सरकलेली असेल तर तो आकडा स्थिर ठेवण्यासाठी खरा शाफ्ट फेरीगणिक हळू-जलद फिरवतो. म्हणून तपासणीत फीडबॅक तोडून मोटर व्हीएफ मोडवर (एन्कोडरचं न ऐकता, ठरलेल्या व्होल्टेज-फ्रिक्वेन्सीने), एकसारख्या वेगाने चालवा, किंवा दुसरा खात्रीचा एन्कोडर जोडून त्याच्याशी ताडा.

स्कोप (ऑसिलोस्कोप) लावताना ट्रिगर, म्हणजे चित्र जिथून सुरू होतं तो सिग्नल, झेडवर घ्या. ट्रिगर ए वर (ए आणि बी हे रेघांचे दोन सिग्नल) घेतला तर तरंग थरथरताना दिसतो, पण ती थरथर शाफ्टच्या जागेशी बांधलेली आहे का, ते कळत नाही. झेडवर घेऊन फेरीच्या वेगवेगळ्या भागांत पल्सची रुंदी आणि ए-बी मधलं 90 अंशांचं अंतर पाहा. साइन-कोसाइन आउटपुट (चौकोनी पल्सऐवजी गुळगुळीत तरंग) असेल तर एक्स-वाय मोडवर (एक सिग्नल आडवा, दुसरा उभा) वर्तुळ दिसायला हवं. वर्तुळ दर फेरीला आकुंचन-प्रसरण पावत असेल, तर डिस्कच्या तिरकेपणाचा संशय घ्या. लंबवर्तुळ तिरपं पडलं असेल, तर ए-बी मधला कोन बिघडलाय. वर्तुळ जागचं सरकलं असेल, तर ऑफसेट, म्हणजे सिग्नलची शून्यरेषा हललीय.

दोष डिस्कचा की शाफ्टचा

आधी डायल गेज शाफ्टवर लावा. इथे एक हिशेब हमखास चुकतो: गेजची सुई एका फेरीत जेवढी फिरते ती रनआउट, केंद्र सरकलंय ते तिच्या निम्मं. सुई 0.04 मिमी फिरली तर सरक 0.02.

शाफ्ट ठीक निघाला तर शाफ्टवर खूण करा, कपलिंग ढिलं करून एन्कोडरचा शाफ्ट अर्धी फेरी फिरवून पुन्हा आवळा, आणि खुणेपासून चूक कुठे जास्त येते ते पाहा. ती अर्धी फेरी सरकली तर दोष एन्कोडरच्या आत. जागची हलली नाही तर कपलिंग किंवा बसवणीत. चूक फेरीला एकदा न येता दोनदा येत असेल, तर कपलिंगमधला कोन आधी बघा. सर्वो मोटरच्या एन्कोडरवर मात्र हा प्रयोग करू नका. त्याची जागा मोटरच्या चुंबकांशी जुळवलेली असते. ती हलली तर मोटर सुरू करताच भलतीकडे पळू शकते.

बसवताना

हातोडी नको. एन्कोडर शाफ्टवर ठोकून चढवला की बेअरिंगला खड्डे पडतात, काचेची डिस्क असेल तर तीही तडकते. सुट्या डिस्कच्या एन्कोडरमध्ये एकच ग्रब स्क्रू पूर्ण आवळला तर तो हबला एका बाजूला ढकलतो, आणि वर मोजलेला 50 मायक्रॉनचा घोळ तिथेच तयार होतो. दोन स्क्रू असतील तर आलटून पालटून थोडे थोडे आवळा. सेंटरिंगचं टूल दिलं असेल तर ते शेवटपर्यंत काढू नका.

रुई दिसली म्हणून कंप्रेसरचा पाइप लावायचा मोह टाळा. त्या हवेत तेल आणि पाणी असतं, शिवाय बाहेरची रुई झटक्यात डिस्कखाली जाते. बंद एन्कोडर उघडूच नका. उघडा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्म्याच्या कापडासारखं धागे न सोडणारं कापड वापरा. हाताशी पडलेला टॉवेलचा तुकडा चालणार नाही.