टीपीओच्या (कॉलेजच्या ट्रेनिंग-प्लेसमेंट ऑफिसरच्या) भरवशावर न बसता इंटर्नशिप कशी शोधायची

सेकंड इयर संपत आलं की ग्रुपवर मेसेज सुरू होतात, कुणाच्या ओळखीत इंटर्नशिप आहे का रे. तोवर उशीर झालेला असतो. मे-जूनमध्ये जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच विचारायला लागा, कारण छोट्या कंपनीत एचआर नावाचा माणूसच नसतो, मालकच मेल बघणार, विसरणार, तुम्ही परत आठवण करणार, यात महिना सहज जातो.

आणि नवीन शैक्षणिक धोरणानंतर बीए-बीकॉम-बीएस्सीवाल्यांच्या मागेपण ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकणं) लागलंय, त्यामुळे ही फक्त इंजिनिअरिंगची भानगड राहिली नाही. बरेच जण ओळखीच्या सीएकडून सही-शिक्का आणतात आणि मोकळे होतात. क्रेडिट पडतात हो, पण पुढे इंटरव्ह्यूत "तिथे काय केलंस?" विचारलं की त त प प. त्याच ऑफिसात खरंच जाऊन बसलात तर टॅलीतल्या एन्ट्र्या, बँक रिकन्सिलिएशन (बँकेचं स्टेटमेंट आणि आपला हिशेब जुळवणं), जीएसटीची बिलं जुळवणं हे सगळं हाताखालून जातं, आणि जीएसटीआर-१ आणि ३बी या जीएसटी रिटर्नच्या अनुक्रमे ११ आणि २० तारखा जवळ आली की ऑफिसात काय धावपळ असते ते कळतं. इंटरव्ह्यूत सांगायला हेच लागतं.

मेकॅनिकल, प्रॉडक्शनवाल्यांनी सरळ जवळची एमआयडीसी गाठावी. चाकण-भोसरीच कशाला, वाळूज आहे, सातपूर-अंबड आहे, बुटीबोरी आहे, कोल्हापूरकडे शिरोली आणि गोकुळ शिरगाव आहे. फक्त गेटवर जाऊन उभं राहू नका, वॉचमन पहिलं विचारतो कुणाला भेटायचंय, आणि नाव सांगता आलं नाही तर तिथूनच परत. आधी फोन करून क्वालिटी किंवा प्रॉडक्शनच्या साहेबांचं नाव काढा, कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र सोबत ठेवा. आणि "काहीपण काम द्या सर" म्हणू नका, त्या माणसाला बसून तुमच्यासाठी काम शोधायला वेळ नाहीये. त्यापेक्षा तुम्हीच काहीतरी ठरवून जा, म्हणजे फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) असेल तर "महिनाभराचं रिजेक्शन, म्हणजे नापास झालेला माल, कुठल्या कारणाने किती झालं ते लिहून एक्सेलमध्ये मांडून देतो" असं म्हणा. हे काम प्रत्येक कारखान्याला हवं असतं आणि करायला कुणाला वेळ नसतो.

रेझ्युमे एका पानाचा बास. वडिलांचं नाव, जन्मतारीख, "आय हिअरबाय डिक्लेअर" हे सगळं काढून टाका, हॉबीमध्ये क्रिकेट लिहून काही होत नाही. प्रोजेक्ट दोनच लिहा पण तुमचे स्वतःचे. आयटीवाल्यांनी गिटहबची (आपला कोड ठेवायच्या साइटची) लिंक द्या, पण आधी स्वतः उघडून बघा, रीडमी (प्रोजेक्टची माहिती लिहायची फाइल) रिकामी आणि कोड यूट्यूबवरून जसाच्या तसा उचललेला असेल तर ती लिंक न दिलेली बरी. मेल पाच-सहा ओळींचा, त्यात कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत येऊ शकता हे असायलाच पाहिजे. आठ-दहा दिवसांनी एक आठवण करा, त्यानंतर फारतर एक फोन, मग पुढची कंपनी.

आता पैशाचं. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉप डिपॉझिट, कुठलंही नाव देऊ देत, कुणी पैसे मागितले की तिथून निघा. टेलिग्रामवर येणाऱ्या "इंटर्नशिप" म्हणजे बऱ्याचदा चार सोपे टास्क आणि शेवटी सर्टिफिकेटचे पैसे, असली दहा सर्टिफिकेटं लावलेला रेझ्युमे बघणारा माणूस लगेच ओळखतो.

सरकारी योजनांबद्दल घरचे विचारतातच, म्हणून सांगून ठेवतो. महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, त्यात १२ वी पासला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार महिना ठरवला होता. केंद्राची पीएम इंटर्नशिप पण त्याच वर्षी आली, तेव्हा १२ महिने, महिना ५ हजार आणि सुरुवातीला एकदाच ६ हजार असं ठरलं होतं. पण सुरू झाल्या तेव्हा दोन्ही फुल टाइम कॉलेज चालू असलेल्यांसाठी नव्हत्या. बदल होत राहतात, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी पोर्टलवर ताजे नियम वाचा. अप्रेंटिसशिप हा प्रकारच वेगळा, तो १९६१ च्या कायद्याखाली येतो, रीतसर करार होतो, स्टायपेंड द्यावाच लागतो. कंपनी तोंडी "अप्रेंटिस म्हणून घेतो" म्हणाली तर करार पोर्टलवर नोंदवणार का ते आधीच विचारून घ्या.

बाहेरगावची पोरं पुण्यात येणार असतील तर दोन महिन्यांसाठी फ्लॅट शोधू नका, कॉट बेसिसवर (खोलीत एका कॉटपुरतं भाडं देऊन) राहा, आणि डिपॉझिट परत कधी मिळणार ते द्यायच्या आधी लिहून घ्या. हिंजवडीत ऑफिस असेल तर शक्यतो चालत जाता येईल असं बघा. तिथल्या ट्रॅफिकबद्दल मी काही बोलत नाही.

जॉइन झाल्यावर रोज संध्याकाळी चार ओळी लिहून ठेवा, आज काय केलं, काय अडलं, कुणी सोडवलं. कॉलेजचं लॉगबुक यातूनच भरता येतं, नाहीतर शेवटच्या रात्री सगळे बसून खोटं लिहितात. डाऊट असला तर आधी स्वतः थोडं झटापट करा, मग काय काय करून बघितलं ते सांगून विचारा, नुसतं "सर चालत नाहीये" ऐकून कुणीपण वैतागतो. कंपनीचा कोड किंवा ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घरी आणू नका, कारखान्यातले फोटो स्टेटसला टाकू नका, यावरून हाकलून देतात.

इंटर्नशिप पूर्ण केल्याचं लेटर शेवटच्या दिवशी मागितलं की साहेब हमखास टूरवर असतात. आठवडाभर आधीच ड्राफ्ट टाइप करून द्या, त्यात तारखा, डिपार्टमेंट आणि नेमकं कुठलं काम केलं ते येऊ दे, म्हणजे त्यांनी लेटरहेडवर प्रिंट काढून फक्त सही-शिक्का मारायचा.